पाइप दुसऱ्या मजल्यावर अडला

काळजीवाहूंनी घरातले दोन्ही सिलिंडर शुक्रवारी परत केले, आणि सोमवारी त्यांना कळलं की पाइपातला गॅस त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येणार नाही. मधले दोन दिवस ते सुखी होते. हे मुद्दाम सांगायचं, कारण त्यांच्या आयुष्यात असे सलग दोन दिवस क्वचितच येत.

काळजीवाहू हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. इमारत चार घरांची, एकावर एक रचलेली: तळाला शिंपीकाका, पहिल्या मजल्यावर बँकवाल्या बाई, दुसऱ्यावर भूगोलसर आणि तिसऱ्यावर हे. सेक्रेटरीपदाची यांची मुदत कधीच संपली होती, पण ते पद घ्यायला दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून हे काळजीवाहू सेक्रेटरी. शिवाय स्वभावही नावाला साजेसा. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढायचं, आणि रस्त्यावर पोचल्यावर, इतक्यांदा ओढून ते निघालं तर नसेल, म्हणून पुन्हा वर. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण तीनदा तपासायचं, तेही नुसतं बघून नाही, तर खाली वाकून, शेगडीला नाक लावून. त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणत असे, तिने या वाकण्याकडे बघणं लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिलं होतं.

आता असा माणूस हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला कसा, हा प्रश्न कोणालाही पडेल. तर त्याचं असं झालं. सरकारने गॅसचा बाजार खुला केला. पूर्वी एकच कंपनी होती आणि ती या भागात कोणालाच पाइपाचा गॅस देत नव्हती. आता तीन कंपन्या आल्या आणि त्यांनी समोरचा रस्ता आळीपाळीने खणला. कोपऱ्यावर मांडव टाकून एक मुलगी माहितीपत्रकं वाटत होती. पत्रकात लिहिलं होतं की सिलिंडरचा गॅस जड, तो गळला की जमिनीलगत दबा धरून बसतो. पाइपातला मात्र हवेपेक्षा हलका, खिडकी उघडली की आपला आपण वर निघून जातो. न सांगता निघून जाणाऱ्या पाहुण्याबद्दल वाटावी तशी माया काळजीवाहूंना त्या गॅसबद्दल वाटली. "जो आधी सिलिंडर परत करेल, त्याचं नाव यादीत वर," मुलगी म्हणाली. काळजीवाहूंनी तिथल्या तिथे ठरवलं. सेक्रेटरीने पुढाकार घ्यायचा नाही, तर कोणी घ्यायचा?

दुसरं कारण वहिनींची थोरली बहीण. ताईंकडे पाइपाचा गॅस येऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत एकही फोन त्याच्याशिवाय संपला नव्हता. "आमच्याकडे काय, बटण फिरवलं की झालं," असं ताई म्हणत, आणि फोन ठेवल्यावर वहिनी थोडा वेळ भांडी जरा जोरात लावत.

सोमवारी कंपनीचा इंजिनिअर मागच्या बोळात उभा राहून मान वर करून भिंत बघत होता. काळजीवाहूही शेजारी उभे राहून मान वर करून बघत होते.

"पाइप या भिंतीवरून सरळ वर जाणार," इंजिनिअर म्हणाला. "दर मजल्यावर एक कॉक, बंद केला की तिथून वरचा गॅस थांबतो. तो त्या मजल्यावरच्या माणसाच्या हाताशी पाहिजे, त्याच्याच गॅलरीत. तसा नियम आहे. दुसऱ्या मजल्याची संमती नाही तुमच्याकडे."

"त्यांना नको असेल तर राहू द्या. त्यांना सोडून वर न्या."

"साहेब, मजला सोडून पाइप जात नाही. लिफ्ट आहे का ती?"

काळजीवाहूंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण दुसऱ्या मजल्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. सरांनी एकदा आपला मोठा नकाशासंग्रह गॅलरीत उन्हात घातला होता, आणि वहिनींच्या कुंड्यांचं पाणी नेमकं त्यावर गळलं. एक अख्खं खंड पुसलं गेलं. सर वर आले तेव्हा काळजीवाहू, वातावरण हलकं करावं म्हणून, म्हणाले होते की समुद्राची पातळी वाढतेच आहे हल्ली. तेव्हापासून जिन्यात भेट झाली तरी सर भिंतीकडे बघत उतरत.

पाइप पहिल्या मजल्यापर्यंत येऊन थांबला, मग सिलिंडर परत मागावेत, म्हणून काळजीवाहू एजन्सीत गेले. खिडकीतल्या माणसाने संगणकात पाहिलं.

"तुमच्या इमारतीत पाइपचा गॅस आलाय," तो म्हणाला.

"पहिल्या मजल्यापर्यंत आलाय. मी तिसऱ्यावर राहतो."

"इमारतीत आलाय ना? मग सिलिंडर नाही."

"पण माझ्या घरात ज्योत नाही हो."

"इथे तर आहे," असं म्हणून त्याने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. काळजीवाहूंनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच, सरकारदरबारी त्यांच्या घरी गॅस होता. फक्त घरी नव्हता.

कंपनीला फोन लावला तर आणखी ज्ञान मिळालं. सुधारणा झाल्यापासून पाइप एका कंपनीचा, त्यातला गॅस दुसरीचा आणि मीटर तिसरीचा. पाइपवाले म्हणाले, गॅसचं आम्हाला विचारू नका. गॅसवाले म्हणाले, आमचा गॅस तयार आहे, तुमचा पाइप कुठाय? मीटरवाली बाई सगळ्यात गोड बोलली. तिने मीटर लगेच पाठवला. दुसऱ्याच दिवशी माणूस येऊन तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसवून गेला. त्या मीटरला खालून काही जोडलेलं नव्हतं, वरून काही जोडलेलं नव्हतं. तरी काळजीवाहू येता-जाता त्याचा आकडा बघत. शून्य. मग त्यांना शून्याचीही काळजी वाटू लागली.

सल्ले द्यायला इमारत कमी पडली नाही. तळाला आणि पहिल्याला गॅस आला होता, त्यामुळे त्यांच्या सल्ल्यांना आता ऊबही होती. शिंपीकाका तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले, "कोर्टात जा. माझ्या मामेभावाने जिन्याच्या कठड्यावरून केस घातली होती."

"मग काय झालं?"

"चालू आहे."

बँकवाल्या बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला आधीच म्हणणार होते, की सिलिंडर इतक्यात देऊ नका. पण म्हटलं, तुम्ही सेक्रेटरी." काळजीवाहूंना हा टोमणा जेवणापर्यंत पुरला. जेवण तसं फारसं नव्हतंच. विजेची एक शेगडी आणली होती. ती लावली की पाण्याचा पंप बंद ठेवावा लागे, पंप लावला की शेगडी. दोन्ही लागले की फ्यूज जाई. भात खालून करपलेला आणि वरून कच्चा, असा एकाच पातेल्यात दोन प्रकारचा मिळत होता. वहिनी काहीच बोलत नव्हत्या, आणि काळजीवाहूंच्या जिवाला तोच खरा घोर होता.

एका संध्याकाळी त्या बोलल्या. "महिनाअखेरच्या रविवारी ताई येतेय. सगळ्यांना घेऊन. बारा माणसं होतील."

"अगं, पण..."

"आपल्याकडे गॅस आला असं मी तिला सांगून बसलेय. ज्या शुक्रवारी तुम्ही सिलिंडर दिलेत ना, त्याच दिवशी." वहिनींनी विजेच्या शेगडीकडे बोट केलं. "तिच्यासमोर या एका शेगडीपुढे मी उभी राहणार नाही. ज्योत दिसली नाही, तर तिच्याच गाडीत बसून मी तिच्याकडे जाईन. मग करा तुम्ही दोन रंगांचा भात."

आता अडला हरी, आणि पुढचं सर्वांना ठाऊकच आहे. काळजीवाहू इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या मजल्यावर गेले.

सरांनी दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे काठी नेली. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस. "वरच्या देशाला वायू हवा आहे," ते म्हणाले. "वाट खालच्या देशातून जाते. खालच्या देशाला स्वतःला वायू नको आहे, तो विजेवर स्वयंपाक करतो. अशा वेळी भूगोल काय सांगतो?"

"काय सांगतो, सर?" काळजीवाहू विद्यार्थ्यासारखे म्हणाले.

"वरच्या देशाने नम्र असावं."

मग चहा आला. पहिल्या घोटालाच काळजीवाहूंना कळलं की दूध नासलंय. पण सरांनी स्वतःचा कप शांतपणे अर्धा संपवला होता. ही परीक्षा आहे, असं काळजीवाहूंनी मनाशी म्हटलं आणि डोळे मिटून कप रिकामा केला.

पहिली अट कुंड्यांची होती. वहिनींनी कुंड्या गच्चीवर नेल्या. दुसऱ्या दिवशी, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. काळजीवाहूंनी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. मग ओले कपडे, मग सकाळचा रेडिओ, मग झालेल्या नुकसानीबद्दल लेखी माफी. "मी त्या खंडाची माफी मागतो," असं काळजीवाहूंनी खरोखर लिहून दिलं. हे लिहिणं जड गेलं, कारण लेखी माफी आपण मागण्याची नव्हे, मागवण्याची गोष्ट आहे, असं त्यांना सेक्रेटरी झाल्यापासून वाटत आलं होतं. दर खेपेला चहा असे आणि दर खेपेला दुधाची स्थिती आदल्या दिवसापेक्षा वाईट असे. काळजीवाहूंचं पोट बिघडलं, आणि त्या चहाची तक्रार वहिनींना रोज ऐकावी लागली. घरी कच्चा भात, खाली नासका चहा. तरीही अट पुरी झाली की सर म्हणत, "बघू. उद्या या."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रविवार जवळ येत होता. काळजीवाहूंची झोप उडाली. उठून बटण तपासावं, तर तपासायला बटणच नव्हतं. सवयीने ते मीटर बघून येत. शून्य.

त्या आठवड्यात कंपनीची ती मुलगी सुरक्षिततेची माहिती द्यायला आली. शिंपीकाकांच्या दुकानात वहिनींसकट सगळे जमले. भूगोलसरही आले, मागे काठी टेकून उभे राहिले. मुलीने पिशवीतून एक इवलीशी बाटली काढली.

"गॅसला स्वतःचा वास नसतो," ती म्हणाली. "गळती कळावी म्हणून हा वास मुद्दाम घालतात. एकदा हुंगून ठेवा. घरात असा वास आला, की खिडक्या उघडायच्या, कॉक बंद करायचा आणि विजेचं बटण दाबायचं नाही."

बाटली फिरली. शिंपीकाकांनी हुंगली आणि त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. बँकवाल्या बाईंनी पदर नाकाला लावून, "शी, मेलं कुजलेलं," म्हणत ती काळजीवाहूंकडे ढकलली. काळजीवाहूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग बाटली सरांच्या हातात गेली. सरांनी डोळे मिटून लांब, खोल श्वास घेतला, जरा थांबले, आणि गंभीरपणे म्हणाले, "हं. सौम्य आहे. आवडण्यासारखा आहे."

सगळे हसले. सर विनोद कधी करत नसत, म्हणून जास्तच हसले. काळजीवाहू तेवढे हसले नाहीत. आठवडाभर त्या कपांतला चहा प्यायलेला माणूस तिथे एकटाच होता.

ते सरांच्या मागोमाग जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर सरांनी किल्ली काढली आणि पाठमोरेच म्हणाले, "तुम्हाला कळलं."

"तुमच्या घरचा चहा पितोय, सर."

"नासका होता?"

"पहिल्या दिवशी थोडा. नंतर बराच."

"मग बोलला का नाहीत?"

"सही हवी होती."

सर आत जाऊन खुर्चीत बसले. "मागे तो ताप आला होता, त्यात नाक गेलं. चवही नावालाच उरली. वास नाही. फुलाचा नाही, करपल्याचा नाही." ते काठीच्या मुठीशी चाळा करत राहिले. "कुंड्यांचं मला काही नाही हो. नकाशाचंही नाही, दुसरा मिळाला असता. पण माझ्या गॅलरीतून तो पाइप जाणार, दिवसरात्र भरलेला. ती मुलगी सांगते, वास आला की खिडक्या उघडा. मला तो कधी येणार? घरात दुसरं माणूस नाही."

"वाजणारं यंत्र मिळतं, सर. गळती झाली की वाजतं."

"आणलं होतं. ते दाढीच्या साबणालाही वाजतं. वाजलं तर खरं की खोटं, हे बघायला शेवटी नाकच लागतं."

"पण हे कोणाला सांगायचंत तरी."

"कोणाला? शिंप्याला सांगितलं की सदऱ्याबरोबर गावभर गेलं. एकटा म्हातारा, त्यात हे. लोक उद्या म्हणतील, याला एकटं ठेवू नका."

ही भीती काळजीवाहूंच्या रोजच्या ओळखीची होती. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी खात्री करून घ्यायला नाक होतं, आणि रागवायला बायको. हा माणूस इथे एकटा भीत बसला होता आणि आपण वर खुर्च्या सरकवत होतो, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं.

"सर," ते म्हणाले, "मी येऊन वास घेत जाईन. सकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा. आणि मध्ये तुम्हाला शंका आली तर हाक मारा, नाहीतर सरळ कॉक बंद करा. मला काही त्रास नाही. मी तसाही तीनदा उठतो."

सरांनी मान वर केली. "कोणाला सांगणार नाही?"

"कोणालाच नाही. घरीसुद्धा नाही."

सरांनी कागद ओढला आणि सही केली.

पाइप दोन दिवसांत वर आला. मीटरचा आकडा हलला, आणि निळी ज्योत दिसल्यावर वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या रडल्या की हसल्या, हे पाहण्याइतकं काळजीवाहूंचं लक्ष नव्हतं, कारण ते सांधे हुंगत होते. मग ते खाली जाऊन सरांचे सांधे हुंगून आले. गॅस हलका असल्यामुळे वरही हुंगावं लागतं, म्हणून स्टुलावर चढून. वहिनींनी विचारलं, कुठे गेला होता? ते म्हणाले, सोसायटीचं काम होतं.

रविवारी ताई आल्या. बारा माणसं आली. ताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कमरेवर हात ठेवून शेगडीची पाहणी करू लागल्या. एकीवर भात, दुसरीवर रस्सा, तिसरीवर दूध. वहिनींचा चेहरा उजळला होता. "ज्योत जरा बारीक वाटते, नाही?" ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात ज्योत खरंच बारीक झाली. मग फुरफुरली, आणि विझली. तिन्ही.

"गेला वाटतं," ताई म्हणाल्या.

वहिनींनी काळजीवाहूंकडे पाहिलं. ते तोवर जिन्यात होते.

दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, आणि सर बाहेर पायरीवर बसलेले. "सूं असा आवाज आला," ते म्हणाले. "मी कॉक बंद केला. दिवा लावला नाही. बरोबर केलं ना?"

काळजीवाहू आत गेले. खाली वाकून हुंगलं, पाइपाला नाक लावून हुंगलं, स्टुलावर चढून छताशी हुंगलं. काही नव्हतं. आवाज मोरीतून येत होता, पाण्याच्या टाकीचा नळ नीट बंद होत नव्हता. त्यांनी तो घट्ट केला आणि बाहेर येऊन सरांच्या शेजारी पायरीवर बसले. वर बारा माणसं, अर्धा कच्चा भात, बायकोची अब्रू, आणि तरी ते बसले.

"काही नाही, सर. टाकीचा नळ होता. पण बंद केलात ते बरं केलंत. दर वेळी असंच करायचं."

"वर पाहुणे आहेत तुमच्याकडे. काय सांगाल?"

"माझं मी बघतो. मी वरून हाक मारली की हळूहळू उघडा."

वर येऊन त्यांनी शेगडीची तिन्ही बटणं बंद केली, पुन्हा तपासली, तिसऱ्यांदा वाकून नाक लावलं. बारा जण बघत होते. मग खिडकीतून हाक मारली.

"काय झालं होतं हो, भावोजी?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. सकाळी खालचा कॉक तपासायला गेलो होतो," काळजीवाहू म्हणाले. "माझ्याच हातून अर्धवट बंद राहिला."

ताई हसल्या. ताईंचे यजमान हसले. मुलं मोठ्यांना बघून हसली. "तीन वर्षं झाली हो," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे असं एकदासुद्धा झालं नाही."

काळजीवाहू मान खाली घालून मीटरकडे बघत राहिले. वहिनींनी काडी ओढली.

"ताई, तुमच्याकडे खालच्या मजल्यावर कोण राहतं गं?"

"खाली?" ताई जरा थांबल्या. "आहेत कोणीतरी. भाडेकरू असावेत. का?"

"सहज विचारलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी शेगडी पेटवली.

जेवायला पानं मांडली गेली. पाहुणे बसायच्या आधी वहिनींनी एक ताट भरलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि काळजीवाहूंच्या हातात दिलं.

"सरांना देऊन या. आणि ते जेवायला बसण्याआधी त्यांच्या दुधाचा वास घेऊन बघा. नासलं असेल तर ओतून टाका, आपल्यातलं मी पाठवते."

काळजीवाहूंनी ताट धरलं आणि तोंड उघडलं. त्यांनी तर एक अक्षर कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कधीपासून..."

"जा हो," वहिनी म्हणाल्या. "निवतंय."